दुधी काच आणि भाजलेला पापड

सांगलीच्या गणपती पेठेत एका भुसाऱ्याच्या दुकानावर माडी होती आणि त्या माडीवर धनपालचा फोटोचा धंदा चालायचा. दोन खुर्च्या, एक रंगवलेला पडदा आणि एक कॅमेरा, एवढाच पसारा. पडद्यावर राजवाड्याच्या पायऱ्या होत्या, कारंजं होतं आणि एक मोर होता. खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की आधी मोराला हात लावून बघायचं आणि मगच खुर्चीत टेकायचं.

धनपालला चौकशीचं वेड होतं. न्हाव्यापुढं बसला की वस्तरा कुठल्या दगडावर लावता हे विचारायचा. जैन बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शनाला गेला तर समईत तेल किती आणि वात किती वेळ जळते याचा हिशोब मनात मांडत उभा राहायचा, आणि मागची माणसं खोळंबायची. त्याची बायको राजमती म्हणायची, "देवानं यास्नी तोंड दिलंया ते जेवाया न्हाई, इचाराया." तिला स्वतःला फार विचारायची सवय नव्हती. तिचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं.

सन चव्वेचाळीसचा मार्गशीर्ष. मंगळवारी दुपारी एक उंच, ताठ माणूस जिना चढून वर आला. अंगावर पलटणीतला जुना कोट, डोक्याला फेटा. नाव लालासाहेब, गाव कुंडल, पेन्शनीत निघालेला हवालदार. गुळाची गाडी घेऊन पेठेत आला होता. मोराला हात न लावता तो थेट बोलायला लागला.

"माझा पुतन्या कृष्णात पलटनीत हाय, इटलीत. तीन वर्सं झाली, घर बघितलं न्हाई त्यानं. गेला तवा बायकू पोटुशी हुती. लेक झाली, ती आता आंगनभर पळती. त्याचं पत्र आलंया. आई, सुला आनि पोरगी, तिगींचा एक फोटू धाडा म्हनतोय."

"मग घेऊन या की त्यांना," धनपाल म्हणाला.

"तितंच तर घोडं पेंड खातंय. कृष्णात गेला त्या दिवशी त्याच्या आईनं, माझ्या वयनीनं, जोतिबाला शबुद दिला. ल्योक घरात पाऊल टाकीस्तवर गावची शीव वलांडायची न्हाई. सख्ख्या भनीच्या घरचं लगीन झालं, गेली न्हाई. तुमालाच यावं लागंल, आण्णा. त्याच्या पलटनीतला एक गडी पलूसला सुट्टीवर आलाय, तो सोमवारी मिरजंत गाडीत बसनार. त्याच्या हातात फोटू पडला तर पोचला म्हनायचा. डाकंचं काय खरं न्हाई."

धनपाल हो म्हणाला, पण लालासाहेब उठला नाही. फेट्याचं टोक हातात घेऊन बसून राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "माझा थोरला भाऊ नाथाजी, कृष्णातचा बा. मागच्या लढाईत बसऱ्याकडं गेला तो गेलाच. त्याचा एकबी फोटू न्हाई. कृष्णातनं बाप कसला हुता ते बघितलंच न्हाई. वयनीचं म्हननं एवढंच हाय की ह्या खेपंला तसं हू नये. बापानं लेकीचं तोंड बगाय पायजे."

शुक्रवार ठरला. लालासाहेब गेला आणि धनपाल कॅमेऱ्याकडं बघत बसला.

कॅमेरा म्हणजे सागवानी लाकडाची पेटी. पुढं पितळी नळीत भिंग, मध्ये चामड्याचा भाता आणि मागच्या बाजूला वहीच्या पानाएवढी दुधी काच. डोक्यावर काळं कापड घेऊन या काचेकडं बघायचं. समोरची माणसं त्यावर उलटी, पायाकडून वर, उमटतात. भाता मागंपुढं करून चेहरा ठळक झाला की काच बाजूला सरकवायची, तिच्या जागी फोटोची प्लेट घालायची आणि भिंग उघडायचं. प्लेटसुद्धा काचेचीच. प्लेटा धनपालकडं दोनच उरल्या होत्या आणि दुधी काच तर एकुलती एक. लढाईमुळं मुंबईहून काही येत नव्हतं. ही काच गेली की धनपालनं मोराशेजारी बसून माशा मारायच्या.

कुंडल पंचवीसेक मैल. आगगाडी होती, पण गाडीत शिपायांची ही गर्दी. मागच्या खेपेला एका भल्या गृहस्थानं कॅमेऱ्याच्या पेटीवर बसकण मारली होती आणि मिरज येईपर्यंत उठायला तयार नव्हता. मोटार कोळशावर चालायची, चढ आला की उतारूंनी ढकलायची, आणि सामान जायचं टपावर. राहिली सायकल. आणि रस्ता म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या.

बुधवारी सकाळी राजमती पापड भाजत होती. धनपाल चुलीपाशी उभा राहून बघत होता, आणि बघता बघता त्याचे डोळे चमकले. उडदाचा भाजलेला पापड. नुसतं तिरकं बघितलं तरी मोडतो. जी बांधणी हा पापड अख्खा नेईल ती काचही नेईलच नेईल.

"चार पापड दे," तो म्हणाला.

"जेवायला येळ हाय अजून."

"जेवायला न्हवं. हिंडवायला."

पहिला पापड त्यानं धोतरात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधला आणि माधवनगरच्या नाक्यापर्यंत जाऊन आला. सोडून बघतो तर भुगा. दुसरा पिशवीत घालून हँडलला अडकवला. त्याचे चार तुकडे झाले आणि वळणावर पिशवी चाकात जाता जाता राहिली. तिसऱ्यासाठी त्यानं मधल्या दांडीला पोराच्या झोळीसारखी झोळी बांधली. हे त्याला फारच पसंत पडलं होतं. पण झोळी झोके घ्यायला लागली, गुडघे तिला आणि ती गुडघ्यांना लागायला लागली, आणि पापडाचे दोनच तुकडे झाले तरी त्यावर साखळीचं काळं वंगण बसलं. अन्न टाकायचं नाही म्हणून सगळा चुरा धनपालनंच खाल्ला, वंगणाची कड तेवढी मोडून. दुपारी ताटावर बसला तर पोटात जागा नव्हती.

"आवं, पापड वर्सभर पुरवायचं असत्यात," राजमती म्हणाली. "एका लढाईतनं दुसरी काडू नगासा."

त्याच संध्याकाळी गुंडा कासार राजमतीला बांगड्या भरायला आला. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं खांद्यावर काचेच्या बांगड्यांचं ओझं घेऊन गावोगाव हिंडलेला. धनपाल आजवर त्याच्याकडं फक्त पैसे द्यायच्या वेळी बघायचा. आज तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"गुंडा, एवढ्या बांगड्या नेतोस. फुटत कशा न्हाईत?"

"आण्णा, बांगडी पडून कमी फुटती, एकमेकीला लागून जास्त फुटती. वझं खांद्यावं घेतलं की मी कान लावतो. किनकिन आली की उतरवायचं आनि परत आवळायचं. मुक्या वझ्यातली बांगडी फुटत न्हाई."

"आणि गाडीत का ठेवत न्हाईस? बैलगाड्या तर रोज जातात."

गुंडा राजमतीच्या हातात बांगडी चढवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "गाडीला गुडघं कुटं हायती?"

 धनपाल उठून सायकलपाशी गेला आणि तिच्याकडं असा बघायला लागला की जणू ती काल विकत आणलीय. सायकलला गुडघे नाहीत. पण आपल्याला आहेत. चाकोरी आली की सीटवरून उठायचं, पायडलवर उभं राहायचं, धक्का गुडघ्यांनी खायचा. ओझं सायकलवर ठेवायचंच नाही, अंगावर घ्यायचं.

बाकीचं राजमतीनं केलं. गुरुवारी तिनं सावरीच्या कापसाची उशी उसवली, लाकडाची एक पेटी त्या कापसात बसवली आणि चौथा पापड वर ठेवला. मग आपल्या जुन्या लुगड्यानं ते गाठोडं नवऱ्याच्या पाठीशी आवळलं, शेतावर जाणारी बाई पोराला आवळते तसं. हलवून बघितलं. गाठोडं मुकं होतं. धनपालनं चाकांतली हवा जरा कमी केली आणि पेठेतून निघाला. खालच्या भुसाऱ्यानं विचारलं, "आण्णा, कवा झालं लेकरू? पेढं न्हाई दिलं." धनपालचं लक्षच नव्हतं. नाक्यापर्यंत जाऊन तो परत आला, गाठोडं सोडलं, आणि पापड अख्खा निघाला. कडेला एक टवकासुद्धा नाही.

राजमतीनं तो पापड हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "गुंडानं एका बोलन्यात सांगितलं ते तुमाला तीन पापडांत कळलं न्हाई," ती म्हणाली, पण ती हसत होती.

शुक्रवारी उजाडताच धनपाल निघाला. कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं सायकलच्या दांडीला, कॅमेरा आणि प्लेटा पाठीवर, आणि कॅमेऱ्यावर कापसात एक ताजा भाजलेला पापड. हा साक्षीदार. पापड अख्खा म्हणजे काच अख्खी, सगळं गाठोडं उसकटायला नको.

नांद्र्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढं चाकोऱ्या सुरू झाल्या, तसा धनपाल उठायला बसायला लागला. गुऱ्हाळावरची माणसं काम थांबवून बघायची, कारण सायकलवर बैठका मारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. एकदा उतरून त्यानं हात मागं घालून चाचपलं. साक्षीदार धडधाकट होता.

भिलवडीच्या अलीकडं दोन पोलिसांनी त्याला अडवलं. दिवसच तसे होते. त्या मुलखात फरारी फिरत होते, कुठं रूळ उखडले जायचे, कुठं तारा तुटायच्या, आणि पाठीवर एवढं गाठोडं बांधून सायकलवर उठबशा काढत येणारा माणूस कुणालाही संशयितच वाटला असता.

"पाठीवर काय हाय?"

"कॅमेरा."

"आनि त्यात?"

"काच. आणि वर पापड."

आपली चेष्टा चाललीय असं शिपायाला वाटलं. "सोड," तो म्हणाला. धनपालनं लुगड्याची गाठ सोडली. शिपायानं कापूस बाजूला केला आणि त्याला पापड दिसला. त्यानं तो उचलला, वास घेतला, एक घास मोडून खाल्ला. "पापडच हाय," त्यानं दुसऱ्याला सांगितलं. मग खात्री पक्की करायची म्हणून उरलेलाही खाल्ला, निम्मा दुसऱ्याला दिला, आणि खाली काय आहे ते न बघताच म्हणाला, "जा."

साक्षीदाराला पोलिसांनीच खाल्लं. आता फिर्याद कुणाकडं नेणार? धनपालनं एकट्यानं, मागं हात घालून, जमेल तसं गाठोडं परत आवळलं आणि निघाला. आणि पहिल्याच चाकोरीत त्याला आवाज आला. टक्. अगदी बारीक. पुढच्या चाकोरीत परत, टक्.

 उतरून सोडून बघावं तर तसं एकट्यानं परत आवळता येईल याचा भरवसा नाही. न बघावं तर जीव थाऱ्यावर नाही. मान वाकडी करून, कान पाठीकडं लावून तो तीन मैल गेला. टक् येतच होती. शेवटी त्यानं सायकल थांबवली, श्वास रोखला आणि जागच्या जागी उडी मारली. आवाज पाठीतून नव्हता. कमरेला करदोट्यात दुकानाची किल्ली होती आणि ती गाठोडं आवळताना सरकलेल्या पट्ट्याच्या बकलाला लागत होती. धनपालनं किल्ली दातांत धरली आणि तसाच पलूस ओलांडून कुंडलला पोचला.

लालासाहेबाची वस्ती गावाच्या कडेला, शिवेच्या आतच होती. कृष्णातची आई राहीबाई दारातच उभी. वय पंचेचाळीसच्या आसपास, काटक, कपाळ मोकळं. तिच्या मागं सून सुलाबाई, आणि सुनेच्या मागं तिच्या पदरात तोंड खुपसून अडीच वर्षांची रंगू. धनपालनं दातांतली किल्ली काढली, रामराम केला, आणि पाणीसुद्धा न पिता पडवीत बसून गाठोडं सोडलं. दुधी काच जशीच्या तशी. त्यानं ती बोटांनी चाचपली. पंचवीस मैल, दोन पोलीस आणि काचेला चरासुद्धा नाही. त्याच्या जिवात जीव आला.

"लय जपून आनलंसा, आण्णा," राहीबाई म्हणाली. "आमीबी तयारी केलीया. आंगन बगा."

अंगण सुरेख होतं. राहीबाईनं पहाटे एकदा सारवलं होतं, आणि पाव्हणा येईपर्यंत वेळ होता म्हणून आत्ताच दुसऱ्यांदा. "फोटूत आंगन दिसनार," ती म्हणाली. "लेक तितं परमुलखात बगनार. मागं घर वस पडलंया असं नगं वाटाय त्याला." सुलाबाईनं दाराशी रांगोळीची दोन बोटंही ओढली होती.

धनपालनं अंगणाच्या मधोमध तिकाटणं मांडलं, वर कॅमेरा बसवला, मागं काळं कापड टाकलं. रंगू काही केल्या पदराबाहेर येईना, म्हणून तो तिला समजवायला चार पावलं पुढं गेला. मागं वळून बघतो तर तिकाटण्याचे पाय ओल्या शेणावरून आपापल्या दिशेला सरकत होते. अगदी सावकाश, आवाज न करता. तो धावला. तोही घसरला. कॅमेरा मागच्या काचेच्या अंगावर पडला आणि धनपालनं आयुष्यातला सगळ्यात वाईट आवाज ऐकला.

लाकूड शाबूत, भाता शाबूत, भिंगालाही काही झालं नव्हतं. दुधी काचेचे मात्र तुकडेच तुकडे. जे पंचवीस मैलांत झालं नव्हतं ते चार हातांच्या अंगणात झालं होतं.

 राहीबाईनं आपल्या शेणानं भरलेल्या हातांकडं बघितलं. "माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली.

लालासाहेबानं विचारलं, "त्या काचंबिगार न्हाई का निघत फोटू?"

"अंदाजानं काढता येतो," धनपाल म्हणाला.  "पण प्लेटा दोनच हायत. अंदाज चुकला तर चेहरा धुरकट येतो. माणूस हाय एवढं कळतं, कोण हाय ते न्हाई."

"तसला चेहरा माझ्या मनात हाय एक," राहीबाई म्हणाली. "कृष्णातच्या बाचा. सत्तावीस वर्सं रोज बगतीया, रोज जरा जरा पुसतोय. पोरगं लहान असताना इचारायचं, आये, बा कसा दिसायचा. मी म्हनायची तुझ्यावानी. खरं म्हंजी मलाच ठावं ऱ्हायलं न्हवतं. तसला फोटू माझ्या लेकाला नगं, आण्णा."

एवढं बोलून ती खाली बसली आणि अंगणातले तुकडे वेचायला लागली, कारण रंगू अनवाणी होती. धनपाल पडवीच्या खांबाला टेकून बसला. त्याला वाटत होतं की आपण मोठ्यानं रडावं, पण परक्या घरी ते बरं दिसलं नसतं.

राहीबाईनं मोठासा तुकडा उचलला, पदरानं पुसला, आणि अंगठा फिरवता फिरवता थांबली. मग तुकडा उलटा करून परत अंगठा फिरवला.

"आण्णा, ही काच अशीच मिळती, का कुनी घासतं?"

 अकरा वर्षं ही काच धनपालच्या हातात होती. साऱ्या सांगलीला प्रश्न विचारून त्यानं हैराण केलं होतं, आणि काच दुधी होते कशी हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. दुधी काच दुधीच जन्मते असं तो धरून चालला होता.

"एक अंग गुळगुळीत हाय, दुसरं खरखरीत," राहीबाई म्हणाली. "पाथरवटानं पाट्याला टाकी लावली की असाच हात लागतो. ही कुनीतरी घासलीया. घासल्याली गोष्ट परत घासता येती."

ती उठून घरात गेली आणि भिंतीवरची चौकट काढून घेऊन आली. आत नाथाजीच्या मरणानंतर सरकारातून आलेला छापील कागद होता. घरातली काच म्हणाल तर ही एवढीच.

"वयनी, सरकारचा कागूद हाय तो," लालासाहेब म्हणाला.

"कागूद तुमी घ्या, भावजी. मला काच पायजे."

मग काम सुरू झालं. सुलाबाईनं ओढ्याची वाळू आणली आणि मिरचीपूड चाळावी तशी फडक्यातून चाळली. पाट्यावर ओलं पोतं, पोत्यावर चौकटीतली काच, काचेवर वाळू आणि पाणी. राहीबाई पाट्यापुढं बसली, फुटक्या काचेचा मोठा तुकडा फडक्यात धरला आणि गोल गोल घासायला लागली. खरखर असा आवाज सगळ्या वस्तीवर जात होता. शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या.

धनपालचं रडं कधीच पळालं होतं. तो पाट्याच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसला होता. "पाणी कमी का घातलं? गोलच का, सरळ का न्हाई? कडेला जोर जास्त का देता?"

"सरळ घासलं तर चरं पडत्याल. पानी जास्त झालं तर वाळू पळती," राहीबाई म्हणाली. "घरी चटनी वाटताना बी एवढंच इचारता का?"

"इचारतो," धनपाल म्हणाला, आणि सुलाबाई पदर तोंडाला लावून हसली. सकाळपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

दीड तास गेला. मग राहीबाईनं काच हौदात बुडवून काढली, पुसली आणि धनपालच्या हातात दिली. त्यानं ती आभाळाकडं धरली. काच ताकासारखी झाली होती. एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा साफ राहिली होती, पण चेहरा काही कोपऱ्यात येत नसतो. कॅमेऱ्याच्या खाचेत ती बोटभर आखूड पडली, तिथं ज्वारीच्या धाटाची चोय, सोललेली पट्टी, खोचली. तिकाटण्याच्या तिन्ही पायांखाली या खेपेला सुक्या शेणी ठेवल्या. ओल्या शेणानं घात केला होता, वाळलेल्या शेणानं निभावून नेलं.

सुलाबाई दारापुढं बसली. रंगूच्या हातात गुळाचा खडा दिला, तशी ती पदरातून बाहेर आली. धनपालनं काळ्या कापडात डोकं घातलं, भाता मागंपुढं केला, आणि बाहेर येऊन राहीबाईला म्हणाला, "आक्का, तुम्ही बसायच्या आधी एकदा आत बघा."

राहीबाई बिचकत कापडात शिरली. 

"उलट्या दिसत्यात," आतून आवाज आला.

"आत तसंच दिसतं, आक्का."

"पोरगी गूळ खातीया. तिचं नाक... तिचं नाक कृष्णातचं हाय."  मग आतूनच ती म्हणाली, "सत्तावीस वर्सं ह्या काचंमागं नुसता कागूद हुता, आण्णा."

ती बाहेर आली, डोळे पुसले नाहीत, सुनेशेजारी जाऊन ताठ बसली. धनपालनं दोन्ही प्लेटा वापरल्या.

सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्याचा नेम, म्हणून राहीबाईनं त्याला दिवस असतानाच वाढलं आणि रात्री ठेवून घेतलं. सकाळी तो निघाला तेव्हा म्हणाला, "सांगलीहून चौकटीसाठी चांगली काच पाठवून देतो."

"नगं. ही तुमच्यापाशीच असू दे. कृष्णात आला की हिच्यातनंच आमाला बगा. मग आमची आमाला द्या."

लालासाहेब गाठोडं पाठीवर आवळायला पुढं झाला. पण धनपालनं कॅमेरा कापसासकट उचलला आणि कॅरियरवर ठेवून साध्या दोरीनं बांधला. दोन प्लेटा तेवढ्या त्यानं सदऱ्याच्या आत छातीशी धरल्या आणि त्यावरून राजमतीचं लुगडं गुंडाळलं. मग सायकलचं हँडल धरून चालायला लागला.

"आवं, सायकलवर न्यायची रीत तर तुमाला सापडलीया," लालासाहेब म्हणाला.

"ती कॅमेऱ्याची," धनपाल म्हणाला. "ह्यांची न्हाई."

पंचवीस मैल तो चालला. वाटेत जो तो विचारायचा, "पंक्चर व्हय?" आणि तो म्हणायचा, "व्हय." भिलवडीच्या नाक्यावर तेच दोन पोलीस होते. "आज पापड न्हाई?" एकानं विचारलं. धनपालनं नुसती मान हलवली आणि छातीवरचा हात काढला नाही. दिवस कलताना तो पेठेत पोचला. राजमतीनं त्याचे पाय बघितले, आणि लुगडं कुठं बांधलंय ते बघितलं. तिनं गरम पाणी ठेवलं.

सोमवारी मिरजेच्या फलाटावर फोटो त्या शिपायाच्या हातात पडला. मग काही कळलं नाही. लढाई संपली. माणसं परत यायला लागली, काही आली, काही आली नाहीत. धनपालला गुळाच्या पेठेत लालासाहेब कधी दिसला नाही, आणि पत्र टाकून विचारायचा धीर त्याला झाला नाही. ज्याला सगळं विचारायची खोड होती त्यानं एवढी एक गोष्ट विचारली नाही. रोज त्या काचेत माणसं उलटी बघायचा आणि कोपऱ्यातल्या साफ जागेवर नजर गेली की त्याला वाळूची खरखर ऐकू यायची.

सेहेचाळीसच्या चैत्रात एका सकाळी तो पडदा झटकत होता. जिना वाजला म्हणून वळून बघितलं तर दारात एक बाई उभी. पाय धुळीनं भरलेले. तिला त्यानं एकदाच, आणि तेही तिच्याच अंगणात पाहिलं होतं, त्यामुळं ओळखायला एक क्षण गेला. आणि ओळख पटताच त्याला शीव आठवली.

राहीबाईनं शीव ओलांडली होती. लेक घरी येईपर्यंत ओलांडणार नव्हती. किंवा मग वाट बघायचं कारणच उरलं नसेल, तरीही माणूस शीव ओलांडतो. धनपालच्या हातातला पडदा तसाच राहिला. त्याला विचारवेना.

राहीबाईनं मोर बघितला, खुर्च्या बघितल्या, मग कॅमेऱ्यामागं जाऊन काचेवर अंगठा फिरवला.

"माझीच हाय न्हवं ही?"

"तुमचीच, आक्का."

"मग घाला त्या कापडात डोकं," ती म्हणाली. "आता चौगांचा काडायचा हाय."

खाली जिन्यात रंगू कुणाला तरी मोराबद्दल विचारत होती, आणि तिच्यामागून जड बूट एकेक पायरी चढत वर येत होते.